चिखलातले मागचे चाक

पावसाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या पांदण रस्त्यावर हमखास दिसणारे दृश्य आठवा. आठवडी बाजाराहून परतणारी जीप काळ्या चिखलात अडकली आहे. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन ओरडते. मागचे एक चाक गरगर फिरत चिखलाचे फवारे उडवते. दुसरे, बऱ्यापैकी कोरड्या जागेवरचे चाक मात्र स्वस्थ उभे! मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, उतारू उतरवा, गाडी हलकी होऊ द्या. दुसरा म्हणतो, उलट मागे चार माणसे बसवा, वजन आले की चाक धरेल. तिसरा दगड आणि पऱ्हाट्या आणायला धावतो. गाडीत दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस असेल, तर या वादात गेलेला वेळ फार महाग पडतो.

यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर ठरतो. कोणता केव्हा, हे ठरवायला पकड का सुटली याचे निदान आधी व्हायला हवे. हे निदान नीट समजायचे, तर चाकाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

खुराचे काम चाकाकडे

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : बैलगाडीचे चाक चिखलात रुतते, पण जागच्या जागी गरगर का फिरत नाही? उत्तर सोपे आहे. बैलगाडीचे चाक गाडी ओढत नाही, ते नुसते गडगडत जाते. जमिनीला मागे रेटा देण्याचे काम बैलांचे खूर करतात. शिवाय गाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरले, तरी काही बिघडत नाही.

वाफेचे इंजिन गाडीवर बसले तेव्हा हे चित्र पालटले. रेटा देण्याचे खुराचे काम चाकाकडे आले आणि दोन नवे प्रश्न उभे राहिले. जमीन चाकाला किती रेटा देऊ देईल? आणि एकाच इंजिनाने दोन चाके फिरवायची, तर ती वळणावर कमी-जास्त कशी फिरणार?

माती किती धरते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाड्या येण्यापूर्वीच तयार होते. विद्युतभारांच्या नियमामुळे विद्यार्थ्यांना माहीत असलेला शार्ल कुलोम हा मुळात फ्रेंच सैन्यातला इंजिनियर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना त्याला मातीच्या दाबाशी झगडावे लागले. १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे आपला निबंध ठेवला. माती घसरण्याला जो विरोध करते त्याचे त्याने दोन भाग मानले : एक तिचा स्वतःचा चिकटपणा आणि दुसरे कणाकणांतले घर्षण. घर्षण वरच्या दाबाबरोबर वाढते, चिकटपणा वाढत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. कयाधूच्या पात्रातल्या कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ नाहीच. सारा विरोध घर्षणाचा. तिथे चाकावर वजन वाढवले की पकड वाढते. शेतातली काळी माती मात्र वेगळी. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ती बनली आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे, पाणी पिऊन फुगणारे खनिज भरपूर असते. ही माती पाण्याने पुरती भरली की वजन टाकूनही फायदा होत नाही. तिच्यातून पाणी चटकन बाहेर पडू शकत नाही. वरचा भार कणांऐवजी कोंडलेले पाणीच पेलते आणि कण एकमेकांवर अधिक घट्ट दाबले जात नाहीत. ही गोष्ट कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात स्पष्ट केली. म्हणजे मागे माणसे बसवण्याचा सल्ला वाळूत आणि मुरमावर खरा. भिजलेल्या काळ्या मातीत तो चाक आणखी रुतवतो. तिथे टेकणारी जागा वाढवावी लागते : टायरमधली थोडी हवा कमी करणे किंवा चाकाखाली पऱ्हाट्या घालणे.

दोन चाकांचे जू

दुसरा प्रश्न पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर याने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी सोडवला. त्याने योजलेली दातेरी चक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात ती असते. १८७७ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली याने ती तीनचाकी सायकलला बसवली आणि पुढे मोटारींनी ती उचलली.

तिचा स्वभाव समजायला जू आठवावे. मध्यावर टेकलेल्या जुवाला दोन्ही बैलांची ओढ सारखीच लागते. एकाने अंग चोरले, की जू तिरपे होते आणि दुसऱ्याची ताकद वाया जाते. डिफरन्शियलही दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. समजा, कोरड्यातले चाक २०० किलो वजनाइतका रेटा देऊ शकते आणि चिखलातले फक्त २०. मग कोरड्या चाकालाही २० चाच रेटा मिळतो. एकूण ४० किलो! दोन्ही चाके कोरड्यात असती तर ४०० मिळाले असते. वेगाचा नियमही असाच : दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज ठरलेली. एक थांबले, की दुसरे दुप्पट वेगाने फिरते. सुरुवातीच्या दृश्याचे कोडे इथे सुटते. ते उभे राहिलेले चाक बिघडलेले नाही. वळण सोपे करणारी युक्तीच चिखलात आड येते आहे.

जीप आणि ट्रॅक्टर

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४० साली जीपची जुळवाजुळव सुरू झाली. चारही चाकांना जोर देणाऱ्या अशा सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळात बनल्या. पण तिच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये साधीच डिफरन्शियले होती. एक पुढचे आणि एक मागचे चाक घसरू लागले, की चार चाकांची जीपही अडायची. १९४५ साली स्थापन झालेल्या, पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर या जीपची जुळणी सुरू केली. खेड्यापाड्यांत उतारू नेणाऱ्या कितीतरी जीपांत तर जोर फक्त मागच्या दोन चाकांनाच असे.

यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्याच्या पायाखाली आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला, की त्याला फिरायला जोर लागतो आणि तितकाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरना डिफरन्शियल लॉक असते. ते दाबले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. वळण्यापूर्वी मात्र ते सोडावे लागते. अलीकडच्या काही गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला संगणक आपोआप ब्रेक लावतो. युक्ती शेतकऱ्याच्या पायाचीच!

निदानाचा क्रम

आता अडकलेल्या जीपकडे परत येऊ. वाद घालण्याआधी आपण एकाने सुरक्षित अंतरावर, बाजूला उभे राहून फक्त पाहावे. फिरत्या चाकाच्या मागे कोणीही उभे राहू नये. दगड सुटून येतो.

इंजिन ओरडते, पण एकही चाक फिरत नाही? मग दोष पकडीचा नाही. क्लच घसरत असेल किंवा ॲक्सल तुटला असेल. दोन्ही चाके फिरतात? मग दोष जमिनीचा, टायरचा किंवा वजनाचा. टायरच्या नक्षीत चिखल बसून ते गुळगुळीत झाले आहे का, खाली वाळू आहे की काळी माती, हे पाहून उपाय ठरवावा. एकच चाक फिरते? मग त्याच चाकाखाली पऱ्हाट्या घालाव्यात. दुसऱ्याखाली घालून उपयोग नाही. मात्र सपाट जागीही नेहमी तेच चाक घसरत असेल, तर त्याचे टायर झिजले आहे का आणि कमानीचे पाटे त्या बाजूला ताठ झाले आहेत का, हे तपासून घ्यावे.

गावातल्या गॅरेजात विद्यार्थ्यांना एकदा न्यावे. पक्क्या जमिनीवर, पुढच्या चाकांना अडसर लावून, मागची दोन्ही चाके मेकॅनिककडून उचलून भक्कम घोड्यांवर ठेवून घ्यावीत. इंजिन बंद, गाडी गियरमध्ये. एक चाक हाताने पुढे फिरवले, की साधे डिफरन्शियल असल्यास दुसरे मागे फिरते. पेकरची युक्ती मुलांना हातानेच कळते. पुढच्या पावसाळ्यात यातल्या एखाद्याने गाडीभोवतीच्या गर्दीत ‘आधी कोणते चाक फिरते ते पाहू’ एवढे म्हटले, तरी त्या सहलीचे सार्थक झाले म्हणायचे.