चक्रांच्या तक्त्याची कुळकथा

योगवर्गाच्या भिंतीवर हमखास दिसणारा तक्ता म्हणजे पद्मासनातली आकृती आणि तिच्या कण्यावर तळापासून टाळूपर्यंत सात रंगीत कमळं. खाली लाल, मग नारिंगी, पिवळं, हिरवं, शेवटी जांभळं. खाली ‘प्राचीन भारतीय योगशास्त्र’ असं छापलेलं असतं. कमळांपुरतं ते खरंच आहे. रंग मात्र आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातले.

या तक्त्याचा मुख्य आधार म्हणजे बंगालच्या पूर्णानंद यतींचं ‘षट्चक्रनिरूपण’ (इ. स. १५७७). त्यात मणिपूराच्या पाकळ्या पाण्याने ओथंबलेल्या ढगासारख्या काळसर आहेत. तक्त्यावर ते पिवळंधमक. अनाहताच्या पाकळ्या तिथे तांबड्या, इथे हिरव्या. आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं, आपल्याकडे निळं.

पूर्णानंदही या परंपरेत तसे उशिराचेच. सहा चक्रांची ही मांडणी त्यांच्या पाच-सहाशे वर्षं आधी कुब्जिका देवीच्या उपासकांच्या तंत्रात आकाराला आली होती आणि तेव्हाही ती एकटी नव्हती. कोणी पाच सांगे, कोणी नऊ, कोणी त्याहून जास्त. या भिन्नतेवरून तांत्रिक एकमेकांशी भांडले नाहीत, कारण ते शरीराचं वर्णन करत नव्हते, साधनेचा नकाशा आखत होते. पाकळ्यांची बेरीज करून पाहा: चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन. पन्नास! वर्णमालेची अक्षरं तंत्रात पन्नासच धरतात. एकेक अक्षर एकेका पाकळीवर ठेवायचं, पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत विरवत वर सरकायचं. इथे रंगही ध्यानात आणायचा असतो, आत डोकावून शोधायचा नसतो.

नाथपंथाने ही सामग्री घेऊन तिला हठयोगाची धग दिली. मराठीत ती धग १२९० मध्येच पोचली. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा शब्दही नाही, पण ज्ञानेश्वर तिथेच थांबून तिचं जागं होणं सांगतात. ती भुकेली उठते, मांस खाते, सप्तधातू शोषते आणि मग त्या जळलेल्या देहातून नवी कांती फुटते. पाकळ्यांच्या कोष्टकात त्यांना रस नाही. माझ्या मते कुंडलिनीवर इतकं अंगावर येणारं लेखन दुसरं नसेल.

एकोणिसाव्या शतकात मात्र विचारणा बदलली: चक्रं खरी, तर दाखवा! दयानंद सरस्वतींनी तरुणपणीच्या भटकंतीत गंगेतून वाहत आलेलं प्रेत काठावर ओढलं, चाकूने फाडलं आणि ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. काहीच जुळेना. त्यांनी पोथ्या फाडून प्रेतासकट नदीत सोडल्या. प्रामाणिकपणा वादातीत, फक्त नकाशातल्या अक्षांश-रेखांशांसाठी जमीन खणावी, तसा तो प्रकार होता.

तरी शरीरशास्त्राचा मोह सुटला नाही. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर अ‍ॅव्हलॉन’ या नावाने १९१९ मध्ये पूर्णानंदांचा ग्रंथ ‘द सर्पंट पॉवर’ म्हणून इंग्रजीत आणला, रंगीत चित्रांसह. ते रंग अजून मूळ ग्रंथाला धरून होते. १९२७ मध्ये मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी कुंडलिनी म्हणजे व्हेगस मज्जातंतू असा सिद्धांत मांडला, आणि त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे वुड्रॉफ प्रस्तावनेतच त्याच्याशी असहमत! त्याच वर्षी थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचं ‘द चक्राज’ आलं. आपल्याला जे ‘दिसलं’ ते त्यांनी रंगवून घेतलं. स्वाधिष्ठानाच्या जागी त्यांनी प्लीहेवरचं चक्र बसवलं आणि सहस्राराला रांगेत ओढून बेरीज सात केली. पूर्णानंदांचा ग्रंथ नावातच सहा सांगतो. सहस्रार त्यांच्याकडे चक्रांच्या पलीकडचं.

सात झाल्यावर इंद्रधनुष्य लांब नव्हतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ख्रिस्तोफर हिल्स यांच्या ‘न्यूक्लिअर एव्होल्यूशन’ने तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा क्रम चक्रांवर चढवला आणि प्रत्येक रंगाला स्वभावाचा एक प्रकार जोडला. मग स्फटिक विकणारे आले, रंगचिकित्सा आली, ‘तुमचं कोणतं चक्र अडलंय?’ अशा प्रश्नावल्या आल्या. तिथून तक्ता विमानाने परत आला. आपण त्यावर देवनागरीत नावं घातली, बीजमंत्र लिहिले आणि मणिपूर पिवळंच ठेवलं.