समालोचक हॉवर्ड कोसेल

आमच्या भाषेंत 'समालोचन' हा एकच शब्द दोन अगदीं निरनिराळ्या व्यवसायांच्या वांट्यास आला आहे. ग्रंथाचे गुणदोष पारखून सांगतो तो समालोचक; आणि मैदानावर चेंडू कोठें गेला हें क्षणोक्षणीं सांगतो तोही समालोचकच. पहिल्यापासून आपण निर्णयाची अपेक्षा करतों, दुसऱ्यापासून केवळ वर्णनाची. दुसऱ्यानें पहिल्याचें काम अंगावर घेतलें तर काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील हॉवर्ड कोसेल याचें चरित्र पाहावें.

कोसेलचा जन्म २५ मार्च १९१८ रोजीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील विन्स्टन-सेलम येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. बालपण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत गेलें. घराण्याचें आडनांव तेव्हां कोहेन असें होतें. पोलंडहून आलेल्या आजोबांचें मूळ नांव अमेरिकेंत उतरतांना अधिकाऱ्यांनीं बदलून टाकलें होतें, व आपण तें फक्त परत घेतलें, असें कोसेल सांगत असे. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. न्यूयॉर्क विद्यापीठांत कायद्याचें शिक्षण घेऊन, दुसऱ्या महायुद्धांत मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढून, त्यानें वकिली थाटली. लहान मुलांच्या बेसबॉलची जी लिटल लीग नांवाची संस्था, तिचें काम त्याच्याकडे होतें. त्या ओळखींतून १९५३ सालीं ए. बी. सी. नभोवाणीनें एक कार्यक्रम त्याच्याकडे सोपविला. मुलांनीं नामांकित खेळाडूंना प्रश्न विचारावे, असें त्याचें स्वरूप, मोबदला शून्य. तीन वर्षें असें फुकट राबल्यावर त्यानें वकिलीलाच रामराम ठोकला. चालता व्यवसाय सोडून पोरांच्या खेळाच्या गप्पांमागें लागणाऱ्या अडतीस वर्षांच्या गृहस्थास आपल्याकडील वडीलधाऱ्यांनीं काय म्हटलें असतें, तें सांगावयास नको.

दूरचित्रवाणीस लागणारें एकही लक्षण त्याच्यापाशीं नव्हतें. आवाज नाकांतला, उच्चार ठसठशीत ब्रुकलिनचे, डोक्यावर केसांचा टोप, आणि भाषा मात्र न्यायालयांतील युक्तिवादाची! त्या काळचे क्रीडावार्ताहर खेळाडूंचे भाट असत, निदान संघमालकांचे मिंधे तरी असत. कोसेल जड ध्वनिमुद्रण यंत्र वागवीत खेळाडूंच्या खोल्यांत शिरे आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारी.

या वकिली स्वभावाचें खरें मोल १९६४ नंतर दिसून आलें. त्या वर्षीं २५ फेब्रुवारीस कॅशियस क्ले यानें सनी लिस्टन यास हरवून जगज्जेतेपद मिळविलें, इस्लामचा स्वीकार जाहीर केला, व थोड्याच दिवसांत महंमद अली हें नांव घेतलें. वर्तमानपत्रें वर्षानुवर्षें त्याला क्लेच म्हणत राहिलीं. अली म्हणणाऱ्या अगदीं पहिल्या थोड्या लोकांत कोसेल होता. ज्याच्या घराण्याचें नांव एकदां परक्यांनीं बदललें होतें, त्याला दुसऱ्याच्या नांवाचा अर्थ कळला यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. एर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यानें कोसेलच्याच मुलाखतींत 'क्ले' म्हटलें तेव्हां तेथेंच दोघांची धक्काबुक्की झाली. आणि ६ फेब्रुवारी १९६७ रोजीं ह्यूस्टनच्या लढतींत अली टेरेलला ठोसे मारतां मारतां आपलें नांव विचारीत राहिला. तें दृश्य क्रूर होतें, हेंही सांगितलें पाहिजे.

पुढें २८ एप्रिल १९६७ रोजीं अलीनें व्हिएतनाम युद्धासाठीं सैन्यभरतीस नकार दिला. त्याच दिवशीं न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध मंडळानें त्याचा परवाना रोखला व जेतेपद काढून घेतलें. अद्याप खटला उभा राहिला नव्हता, गुन्हा शाबीत झाला नव्हता. माजी सैनिक असलेल्या कोसेलनें युद्धाच्या बऱ्यावाईटाचा काथ्याकूट न करतां एकच मुद्दा धरला: न्यायाची रीतसर प्रक्रिया होण्यापूर्वीं माणसाची उपजीविका हिरावून घेणें राज्यघटनेस मान्य नाहीं. या मतापायीं त्याला शिव्यांचीं पत्रें आलीं, त्याच्या धर्मावरूनही तो हिणविला गेला. २८ जून १९७१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अलीची शिक्षा एकमतानें रद्द केली. या मैत्रींत कोसेलचाही लाभ होता. अलीवांचून तो इतका मोठा होताना, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु लाभाची खात्री नसतांना त्यानें पक्ष घेतला होता, आणि हिशेब त्या वेळेचा करावयाचा असतो.

१९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्यें टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनीं पदके स्वीकारतांना काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. त्यांच्यावर टीकेचा भडिमार होत असतां कोसेलनें स्मिथपुढें ध्वनिक्षेपक धरून त्या कृतीचा अर्थ त्यालाच विचारला. इतरांनीं निकाल दिला होता. वकिलानें जबानी घेतली.

१९७० पासून सोमवारीं रात्रीं होणाऱ्या फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणानें तो घरोघरीं पोंचला. लोक त्याच्यावर चिडत आणि ऐकतही. नभोवाणी त्यानें सोडली नाहीं. तेथें त्याचें रोजचें क्रीडाभाष्य चाले, व पुढें राजकारणी, लेखक, नट अशा पाहुण्यांशीं संवादाचा कार्यक्रमही तो करूं लागला. ८ डिसेंबर १९८० च्या रात्रीं जॉन लेननच्या हत्येची वार्ता असंख्य अमेरिकनांना प्रथम त्याच्याच तोंडून, सामन्याच्या अखेरच्या क्षणीं, कळली. आधीं तो सांगावें कीं नाहीं म्हणून अडखळला होता, हें त्याच्या स्वभावांत फारसें न दिसणारें वैशिष्ट्य होय.

आतां खऱ्या कसोटीचा प्रसंग. १३ नोव्हेंबर १९८२ च्या लढतींत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू मरणान्त जखमी झाला आणि कांहीं दिवसांत वारला. तेरा दिवसांनीं, २६ नोव्हेंबरला, ह्यूस्टन येथें लॅरी होम्स व टेक्स कॉब यांची लढत कोसेल वर्णन करीत होता. कॉब पंधराही फेऱ्या मार खात राहिला, पंचानें लढत थांबविली नाहीं. कोसेलचें वर्णन पाहतां पाहतां फिर्याद बनलें. आणि त्यानंतर व्यावसायिक मुष्टियुद्धाचें समालोचन त्यानें कायमचें सोडलें. वीस वर्षें ज्या खेळावर पोट भरलें त्यालाच नांवें ठेवतो, अशी टीका झाली. ती अगदींच निराधार नव्हती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें हौशी मुष्टियुद्धांचें समालोचन करण्यास तो तयार झालाच होता. तथापि आपली भाकरी कोठून येते हें ठाऊक असूनही हात आखडणारी माणसें आमच्या विद्याक्षेत्रांत तरी आम्हीं फार पाहिलीं नाहींत.

दुसऱ्याच्या शब्दांचा काटेकोर हिशेब मागणाऱ्यावर तीच पाळी सप्टेंबर १९८३ मध्यें आली. ॲल्विन गॅरेट या चपळ कृष्णवर्णीय खेळाडूचें कौतुक करतांना त्यानें त्याला 'छोटें माकड' म्हटलें. आपण नातवंडांनाही असेंच म्हणतों, गोऱ्या खेळाडूंनाही म्हटलें आहे, असें त्याचें समर्थन होतें. त्याचा पूर्वेतिहास पाहतां तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण अमेरिकेंत त्या शब्दाला एक इतिहास आहे, आणि अलीच्या नांवाचें ओझें ज्याला समजलें त्याला हें समजावयास हवें होतें. तो हंगाम संपल्यावर त्यानें फुटबॉलचें समालोचन सोडलें. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'आय नेव्हर प्लेड द गेम' या आत्मकथनपर पुस्तकांत त्यानें सहकाऱ्यांची, विशेषतः निवृत्त खेळाडूंतून आलेल्या समालोचकांची, इतकी झाडाझडती घेतली कीं ए. बी. सी.नें त्याला त्या वर्षींच्या बेसबॉल जागतिक मालिकेंतून वगळलें. त्यांतील कांहीं आघात केवळ हेव्याचे वाटतात. दूरचित्रवाणीचें दार मिटलें.

उरली नभोवाणी, जेथून त्यानें आरंभ केला होता. १९९० मध्यें पत्नी वारल्यावर त्याचें त्यांतही मन रमेना. १९९२ सालीं त्यानें तेंही काम संपविलें व २३ एप्रिल १९९५ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला. ज्या मुष्टियुद्धाकडे त्यानें पाठ फिरविली होती, त्याच्याच आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरांत २०१० सालीं त्याचें नांव नोंदविलें गेलें, आणि तेंही कोसेल असेंच.