सलाईन किती?

अमेरिकेत आपल्यापैकी कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं, की भारतातून फोनवर पहिला प्रश्न येतो, "सलाईन लावलं ना?" सलाईन म्हणजे ताकद, ही आपली जुनी समजूत. पण ते किती लावावं, यावर इथले डॉक्टर कित्येक दशकं भांडले आहेत.

आधी ऑपरेशनच्या वेळी नाडीवर बोट ठेवूनच अंदाज घेत. १९०१ साली हार्वी कुशिंग यांनी इटलीतल्या पाव्हियात रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा पट्टा पाहिला आणि तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आणला. रक्तदाब आकड्यात दिसू लागला. मग तो घसरला तर काय करायचं?

बॉस्टनचे फ्रान्सिस मूर म्हणत, ऑपरेशनच्या ताणात शरीर स्वतःच मीठ आणि पाणी धरून ठेवतं, तेव्हा हात आखडता घ्या. डॅलसचे टॉम शायर्स यांनी १९६१ मध्ये उलट मांडलं: मोठ्या ऑपरेशनमध्ये शरीरातलं बरंचसं पाणी सुजलेल्या भागात अडकून पडतं, ते भरून द्या.

शायर्स यांचं म्हणणं अनेकांनी उचललं, आणि अतिरेकही झाला. व्हिएतनाममध्ये भरपूर सलाईन मिळालेल्या काही जखमी सैनिकांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं. अखेर १९६७ मध्ये मूर आणि शायर्स या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एक संपादकीय लिहिलं. मथळा एकाच शब्दाचा: 'मॉडरेशन', म्हणजे बेतानं!

पुढे लंबक दुसरीकडे झुकला; कमीत कमी द्या, असं म्हटलं जाऊ लागलं. २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे ३००० रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. हात आखडलेल्या गटात ८.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, सढळ गटात ५ टक्क्यांच्या.

भुलेनं रक्तवाहिन्या सैल पडूनही दाब उतरतो. तेव्हा पाणी ओतून भागत नाही, वाहिन्या आवळणारं औषध लागतं. रक्त गेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना हृदय, मूत्रपिंडांचे आजार आणि रक्तदाबाच्या गोळ्या आधीच सांगाव्यात. आणि फोनवरच्या मावशीला सांगावं, "लावलं, पण बेतानं." आपल्याकडे म्हणतातच ना, अति तिथे माती.