धनगरी कुत्रा

धनगरी कुत्रा हा महाराष्ट्राच्या पठारी भागातील मेंढपाळांनी शेळ्यामेंढ्यांच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला देशी कुत्रा आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठे महांकाळ व खानापूर आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव व फलटण या कमी पावसाच्या तालुक्यांत धनगरांच्या वाड्यांबरोबर तो आढळतो. एकत्र भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांच्या समूहाला येथे ‘वाडा’ म्हणतात. हा कुत्रा चपळ, जागरूक आणि दिवसभर चालण्यास सरावलेला असतो. कामाविना बांधून ठेवल्यास तो अस्वस्थ होतो. त्यामुळे त्याच्या संगोपनात आहार व औषधोपचार यांच्याइतकाच विचार त्याच्या कामाचा करावा लागतो.

नाव व वर्गीकरण

‘धनगरी’ हे नाव रूपावरून नव्हे, तर कामावरून पडले आहे. ठरावीक उंची, रंग व वंशावळ यांवर आधारलेली ही प्रमाणित जात नाही. हवामान, भटकंती आणि मेंढपाळांची निवड यांतून घडलेला हा स्थानिक समूह आहे. जे पिलू मेंढराला दात लावत नाही, परक्याची चाहूल लागताच भुंकते आणि लांबच्या चालीत मागे राहत नाही, ते वाड्यावर टिकते व त्याचीच वीण पुढे चालते.

धनगरी कुत्रा आणि मुधोळ किंवा कारवान कुत्रा यांत अनेकदा गल्लत केली जाते. मुधोळ कुत्रा सडपातळ, लांब मुस्कटाचा असून नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी आहे. धनगरी कुत्र्याचे मुख्य काम राखणीचे आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली. त्यांत मुधोळ, रामपूर, राजपालयम आणि हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांचा समावेश होता. धनगरी कुत्रा त्यांत नव्हता.

वर्णन

बांधा मध्यम ते मोठा, छाती भरदार व पाय मजबूत असतात. अंगावरचे केस बहुधा आखूड असतात, तरी काही कुत्र्यांना दाट केसही आढळतात. काळा, तांबूस, करडा, पांढरा व ठिपकेदार असे अनेक रंग दिसतात. मालकाच्या कुटुंबाशी व कळपाशी तो सौम्य वागतो. परक्या माणसाला व जनावराला मात्र सहज जवळ येऊ देत नाही.

कामाची पद्धत

मेंढपाळांच्या कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. पहिला प्रकार कळप हाकणाऱ्या कुत्र्यांचा. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमाभागातील बॉर्डर कोली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तो दबा धरून, नजर रोखून मेंढ्यांना वळवतो. दुसरा प्रकार राखणदार कुत्र्यांचा. तो कळपातच राहून हिंस्र प्राण्यांना दूर ठेवतो. धनगरी कुत्रा मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारात मोडतो. कळप वळवण्याचे काम मेंढका स्वतः हाळी, शीळ व काठी यांच्या साहाय्याने करतो.

माणदेशातील अनेक वाडे दिवाळीच्या सुमारास चाऱ्यासाठी बाहेर पडतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. रात्री मेंढ्या ‘वाघर’ नावाच्या जाळीच्या कुंपणात कोंडल्या जातात आणि कुत्री तिच्याभोवती मोकळी असतात. लांडगा, तरस, गावातील मोकाट कुत्री आणि चोर यांपासून कळपाचे रक्षण करणे हे त्यांचे काम. दिवसा झाडाखाली सुस्तावलेला कुत्रा आळशी वाटतो. प्रत्यक्षात त्याची खरी पाळी रात्रीची असते.

पिलाचे संगोपन

वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत महत्त्वाचा असतो. या काळात पिलू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानू लागते. म्हणूनच राखणीचे पिलू कोकरांच्या जवळ वाढवले जाते. मेंढरांच्या मागे धावण्याची किंवा कान ओढण्याची सवय लागत असल्यास ती तेव्हाच मोडावी लागते. माणसांची, विशेषतः मुलांची, ओळखही याच वयात करून द्यावी. अन्यथा मोठेपणी कुत्रा अतिसंशयी होतो.

आहार

वाड्यावरच्या कुत्र्याचे अन्न म्हणजे मुख्यतः ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक किंवा दूध आणि घरचे उरलेले अन्न. दिवसभर चालणाऱ्या, वाढत्या वयाच्या किंवा पिलांना पाजणाऱ्या कुत्र्यांना एवढ्यावर प्रथिने अपुरी पडतात. त्यासाठी अंडी व शिजवलेले मांस देणे हितावह असते. शिजवलेली हाडे तुटून अणकुचीदार होतात व घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून ती देऊ नयेत. कुत्र्याला फारसा घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी व सावली यांची सोय अत्यावश्यक ठरते.

आरोग्य

तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस देऊन पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती दरवर्षी द्यावी. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लसीही आवश्यक आहेत. भटकंतीत वेळापत्रक चुकण्याचा संभव असतो; म्हणून वाडा गाव सोडण्यापूर्वी लसीकरण उरकणे सोयीचे ठरते.

मेंढ्यांच्या सहवासातील कुत्र्यांत जंतांचा प्रश्न विशेष गंभीर असतो. मेलेल्या मेंढीचे यकृत, फुप्फुसे किंवा डोके कच्चे खाल्ल्यास कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे कुरणात व पाण्यात मिसळतात. एका प्रकारच्या कृमीमुळे माणसाच्या व मेंढीच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात. दुसऱ्या प्रकारामुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच जागी गोल फिरू लागते. मेलेले जनावर खोल पुरणे, कच्चे अवयव कुत्र्यापुढे न टाकणे आणि कुत्र्याला नियमित जंतनाशक देणे यांमुळे हे चक्र तुटते. या काळजीने कुत्र्याबरोबर कळप व कुटुंब यांचेही रक्षण होते.

मेंढ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन कुत्र्याला अंदाजाने देणे धोक्याचे आहे. कोली वंशाच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे त्याची तीव्र विषबाधा होते. माळरानावरील गवताची कुसळे कानात व बोटांच्या बेचक्यांत शिरून जखमा करतात. त्यामुळे रोज संध्याकाळी कान, पंजे व गोचिडे तपासावीत. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

गावात व शहरात पाळताना

राखणीच्या किंवा हाकणीच्या वंशातील कुत्रा घरगुती सोबती म्हणून आणल्यास त्याची उपजत प्रवृत्ती नाहीशी होत नाही. सायकल व दुचाकीच्या मागे धावणे, रात्रभर भुंकणे, खड्डे उकरणे, पाहुण्यांना अडवणे या तक्रारी बहुधा त्यातूनच उद्भवतात. शहरांत लोकप्रिय असलेला जर्मन शेफर्डही मूळचा मेंढपाळांच्या कुत्र्यांतूनच घडवलेला आहे.

अशा कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ भरपूर चालवणे, आज्ञापालन शिकवणे, वस्तू शोधण्याचे खेळ देणे आणि कुंपणाच्या आत मोकळे सोडणे आवश्यक असते. दिवसभर साखळीने बांधलेला कुत्रा चिडका होतो. मार देऊन तो सुधारत नाही, उलट अधिक भित्रा किंवा आक्रमक बनतो. पुरेशी जागा व वेळ नसलेल्या कुटुंबाने शांत स्वभावाचा कुत्रा निवडावा, हे दोघांच्याही हिताचे आहे.

लांडगा व कुत्रा

पठारावरील गवताळ माळराने हे भारतीय लांडग्याचे निवासस्थान आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये लांडग्याला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण असून त्याला मारणे गुन्हा आहे. अशा परिस्थितीत चांगला राखणदार कुत्रा मेंढपाळ व लांडगा या दोघांच्याही उपयोगी पडतो. कळप वाचतो आणि विष किंवा सापळे लावण्याची वेळ येत नाही. मात्र कुत्र्यांकडून लांडग्यांना रोगांची लागण होऊ शकते. पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांच्या संकराचे उदाहरण जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. म्हणून लसीकरणाला वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

लोकसंस्कृतीत

धनगरांचे एक आराध्यदैवत असलेल्या खंडोबाबरोबर कुत्रा दाखवला जातो. खंडोबाचे उपासक ‘वाघ्या’ स्वतःला देवाचा कुत्रा मानत आणि देवापुढे कुत्र्यासारखे भुंकण्याची प्रथाही होती. सातारा जिल्ह्यातील पाल हे खंडोबाचे, तर सांगली जिल्ह्यातील आरेवाडी हे बिरोबाचे प्रसिद्ध स्थान आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत माणदेशी धनगरवस्तीचे जीवन आले आहे.

सद्यःस्थिती

टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस व फळबागा वाढल्या, तशी चराऊ माळराने आक्रसत गेली. नव्या पिढीतील अनेकांनी भटकंती सोडली असून बंदिस्त मेंढीपालनाकडे कल वाढत आहे. माडग्याळसारख्या मेंढीला तिच्या नावाने ओळख व बाजारात मागणी आहे. तिच्या राखणदाराची मात्र वंशनोंद वाड्यावरच्या मेंढक्यांच्या स्मरणातच राहते. गावकुत्र्यांशी होणारा अनियंत्रित संकर हीदेखील चिंतेची बाब आहे. या कुत्र्याचे गुण कामातून पारखले गेले व कामामुळेच टिकले. त्यामुळे त्याचे जतन केवळ घरोघरी पाळून होणे कठीण आहे. त्यासाठी माळरान, कळप आणि फिरता वाडाही टिकणे आवश्यक आहे.