पेजेपासून पोळीपर्यंत

थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात एका बाईच्या जठराचा कर्करोगाने धरलेला भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. त्याआधी पेआं आणि रिडिगिअर या दोघांनी असा प्रयत्न केला होता, पण दोघांचेही पेशंट दगावले होते. बिलरोथ यांची पेशंट मात्र बरी होऊन घरी गेली. पुढे तो कर्करोगच पसरून चारेक महिन्यांनी ती वारली, तरी जठरावरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास तिच्यापासूनच मोजतात.

पुस्तकांत तिच्या टाक्यांचं वर्णन सविस्तर सापडतं. माझी सगळी नोकरी इस्पितळाच्या आहारविभागात गेली, त्यामुळे मी शोधत गेले ते तिला खायला काय दिलं ते. आधी नुसता बर्फ. दुसऱ्या दिवसापासून आंबट दूध, एकेक चमचा. सुरुवातीला तासातासाने, मग अर्ध्या तासाने. हे वाचलं तेव्हा मी थबकले. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर आम्ही पेशंटच्या हातात औषधाचं तीस मिलिलिटरचं माप देतो आणि घोट घोट प्यायला सांगतो, त्याची मुळं इतकी मागे जातात.

खरं तर त्याहूनही मागे. चरकसंहितेत वमन-विरेचनानंतर जेवणावर परत येण्याचा क्रम लावून दिलेला आहे. आधी पेया, म्हणजे शितं तरंगणारी पातळ पेज. मग विलेपी, आपल्या गुरगुट्या भाताच्या जवळची. त्यानंतर मुगाचं कढण, आधी मीठ-तुपाशिवाय आणि मग घालून. शेवटी मांसरस. शुद्धी पूर्ण झालेल्याने यातली प्रत्येक पायरी तीन वेळच्या जेवणांत पार करायची. बारीक विस्तवावर आधी गवत, मग शेणी घालत तो वाढवावा, तसा जठराग्नी वाढवावा, असा दाखला तिथे दिला आहे. चरकांना जठर कापायचं नव्हतं आणि त्यांची कारणमीमांसाही वेगळी होती. म्हणून आजच्या तक्त्याचं श्रेय त्यांना देणं मला पटत नाही. पण थकलेल्या पोटाला कोणत्या क्रमाने अन्न द्यावं हे त्यांनी नीट पाहिलं होतं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

विसाव्या शतकात जठराच्या अल्सरसाठी शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आणि नवाच त्रास दिसू लागला. गोड खाल्लं की काही मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळा, आडवं पडावंसं वाटणं. अन्न जठरात न थांबता आतड्यात एकदम ओतलं जातं म्हणून हे होतं. १९२२ मध्ये शिकागोच्या चार्ल्स मिक्स यांनी त्याला ‘डंपिंग’ हे नाव दिलं, तेच आजही वापरतात. साखर टाळा, थोडं थोडं खा, जेवताना पाणी पिऊ नका, हे नियम या अल्सरच्या पेशंटांनी भोगलेल्या त्रासातून आले आहेत. वजनाच्या ऑपरेशनला ते तयार मिळाले.

कारण ते ऑपरेशनही अल्सरच्याच वॉर्डातून निघालं. जठराचा मोठा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी हेरलं आणि १९६६ मध्ये चिकाशी इतो यांच्यासोबत लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. १९८० च्या सुमारास मेसन यांनीच आणखी सोपी वाटणारी पद्धत काढली. जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी पाच सेंटीमीटर परिघाची पट्टी बसवायची. आतडं जोडायचं नाही, काही कापून काढायचं नाही. पुढची काही वर्षं ही पद्धत फार चालली.

तिचं पुढे काय झालं, ते माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण आहे. मटण, ब्रेड, तंतुमय भाज्या त्या पट्टीशी अडकत. उलटी होई. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र वितळून सहज खाली जाई. माणसं हळूहळू जे उतरतं तेच खायला लागली आणि कित्येकांचं वजन परत चढलं. पिशवी लहान होती, टाके शाबूत होते, तरी ऑपरेशन हरलं, कारण घन अन्नावर परत येणंच जमलं नव्हतं. घन अन्न लहान जठरात रेंगाळतं, म्हणून थोडक्यात पोट भरतं. पातळ आणि गोड पदार्थ थांबत नाहीत, म्हणून भूकही भागत नाही.

आपल्या घरांत हा धोका जास्त आहे, असं मला सतत वाटत आलं. आजारी माणसासाठी आपण काय करतो? साजूक तुपातला शिरा, साबुदाण्याची खीर, कण्हेरी. सगळं मऊ, बहुतेक गोड, आणि प्रथिनं जेमतेम. वॉर्डात सासूबाई डबा उघडून म्हणायच्या, “अहो मॅडम, दोन चमचे वरण म्हणजे काय जेवण झालं? खीर तरी घेऊ दे तिला.” त्यांची माया खोटी नव्हती. मी वाटीत मुगाचं घट्ट वरण घोटून, गाळून दाखवायची, पेशंटला चहाच्या चमच्याने अर्धा अर्धा चमचा घ्यायला लावायची आणि सासूबाईंना शेजारी बसवायची. एवढीशी वाटी संपायला वीस मिनिटं लागतात, हे डोळ्यांनी पाहिलं की त्यांचा सूर बदलायचा.

पोळीचा प्रश्न वेगळा. “मॅडम, पोळी कधी?” हे प्रत्येक जण विचारतो. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेलं अन्न, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी घन, असा क्रम असतो. सर्जनप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. सुरुवातीचे आठवडे आतली शिवण भरून यायची असते आणि सूजही असते, तिथे घाई चालत नाही. ताजी लुसलुशीत पोळी चावल्यावर तोंडातच तिचा गोळा होतो आणि तोच अरुंद जागी बसतो. म्हणून मी आधी अंड्याची भुर्जी, पनीर, शिजवलेला मासा, उसळ घोटून देत असे. दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. पोळी त्यानंतर, कडक भाजलेली, नखाएवढा तुकडा, अगदी बारीक चावून.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर घरी येताना लेखी तक्ता मागून घ्या आणि पुढची पायरी आहारतज्ज्ञाला विचारूनच चढा. मऊ खाण्यावर महिनोन्महिने अडकून राहू नका. आणि उलट्या थांबत नसतील, तर सवय होईल म्हणून वाट पाहू नका. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी सर्जनला फोन करा.