रातांब्याला साखर भेटली

महाड-पोलादपूरकडच्या लग्नघरी वैशाखातल्या उन्हातून पाहुणा आला की आधी त्याच्या हातात लाल सरबताचा पेला येतो, चहाची विचारणा मागाहून. गणपतीत मुंबईकर मंडळी गावी उतरली की उन्हाळ्यात भरून ठेवलेली तीच बाटली फडताळातून पुन्हा बाहेर निघते. कुणालाही विचारा, "हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय" असंच उत्तर मिळेल. कोकम पूर्वापार आहे, यात वाद नाही. सरबत मात्र तितकं जुनं असणं अवघड दिसतं. रातांब्याचं साल आणि मीठ यांची सोयरीक शेकडो वर्षांची. साखर या घरात फार उशिरा आली, आणि ती मुबलक झाली तेव्हाच सरबत घरोघरी पोचलं.

रातांबा, म्हणजे तळकोकणातलं आणि गोव्यातलं भिरंड, हे सह्याद्रीच्या पश्चिम उताराचं मूळचं झाड. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. सदाहरित, फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी तांबूस. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात त्याचं फळ करवंदासारखंच मृदुफळ ठरतं. ओढ्याच्या काठाला, परसात, शेताच्या बांधावर ते आपसूक रुजतं. आमराईसारखी रातांब्याची बाग मुद्दाम लावण्याची चाल जुन्या काळी नव्हती. त्याला कारणही आहे. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. बीपासून आलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि झाड फळणार की नुसतंच वाढणार हे कळायला सात-आठ वर्षं जातात. एवढा जुगार कोण खेळणार? त्यामुळे जे झाड फळलं ते जपायचं, त्याच्या फळांत शेजारपाजारचा वाटा धरायचा, एवढाच व्यवहार.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत येणारं 'वृक्षाम्ल' वैद्यमंडळी कोकमाशी जोडतात. पुढची ठळक नोंद गोव्यातली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तिथे राहून इथल्या औषधी वनस्पतींची माहिती जमवत होता. १५६३ साली त्याचा ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. त्यात भिरंडाचा उल्लेख 'ब्रिंडाँव' असा पोर्तुगीज वळणाने येतो. त्या परक्या वैद्याची नजर गेली ती फळाच्या लाल रंगावर आणि जबर आंबटपणावर. कोकणाने या झाडाकडून घेतले तेही हेच दोन गुण. गोडी त्यात नव्हतीच. बियांभोवतीचा पांढरा गर पोरं चोखतात तेवढीच काय ती गोड.

या आंबटाला वर्षभर टिकवायचं तर हाताशी होतं मीठ. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटमार्गे गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत, आणि पेण-उरणची मिठागरं महाड-पोलादपूरच्याच रायगड जिल्ह्यातली. रातांबे फोडून बिया वेगळ्या करायच्या, गरबियांना मीठ लावून त्यांचा रस सुटू द्यायचा, आणि सालं त्या रसात बुडवून उन्हात वाळवायची. वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटांवर पुटं चढली की साल काळं, मऊ आणि चकचकीत होतं. तेच आमसूल, तेच कोकम, तेच सोल. नुसता खारवलेला रस बाटलीत भरला की ते आगळ. राहिलेल्या बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून त्यांचं तूप काढतात. थंडीत ते दगडासारखं घट्ट होतं आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात.

आमसुलाने आमटी, सार, माशाचं कालवण सांभाळलं. आगळाला नारळाचं दूध भेटलं तिथे सोलकढी झाली. श्रीवर्धन-मुरुडकडे नारळीच्या वाड्या असल्याने तिकडे नारळाची चैन होती. महाड-पोलादपूर आतल्या अंगाला. इथे डोंगर, भात, नाचणी, वरी. नारळ मिळतो, पण घरचा कमी आणि विकतचा जास्त. म्हणून गौरीच्या सणाला सागुती-वडे झाले की सोलकढी आवर्जून होते, एरवी कोकमाच्या सारावर भागतं. यातलं एकही पेय गोड म्हणून जन्मलेलं नाही.

गोडाचं काम गूळ करत होता. तोही बहुतेक घाटावरून, वरंध आणि पार घाटाच्या वाटांनी बैलांच्या पाठीवरून खाली यायचा. उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, ही खरी जुनी रीत. मग गुळातच कोकम का घालू नये? काही घरांत घालतातही, पण लगेच पिण्यापुरतं. गुळाच्या पाकात कोकमाचा रंग काळवंडतो, आणि मळीमुळे ते आंबून फसफसण्याची भीती राहते. वर्षभर टिकणाऱ्या लालभडक सरबताला पांढरी साखरच लागते, आणि तीही भरपूर. सालाच्या दुप्पट साखर, हे सर्वत्र चालणारं प्रमाण. किलोभर साल मिळवायला साधारण दोन किलो रातांबे लागतात. रातांबे फुकटचे, पण वर दोन किलो साखर पैसे मोजून आणायची. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादपूरच्या शेतकऱ्याला हे परवडणं शक्य नव्हतं.

हे गणित विसाव्या शतकात बदललं. १९३२ साली देशी साखरधंद्याला कायद्याने संरक्षण मिळालं आणि कारखाने उभे राहू लागले. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत घाटावर कारखान्यांची रांग लागली. मधली बरीच वर्षं साखर रेशनकार्डावर मोजून मिळत होती. तेव्हा लग्नासाठी साखर जमवणं हेच एक कार्य असे. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला असलेला मुलगा मे महिन्यात गावी येताना पिशवीतून जे आणायचा त्यात साखर असायची. झाडं इथली, मीठ इथलं, साखर मुंबईकराची. हे सरबत घराघरांत पसरलं ते अशा मेळातून, आणि म्हणूनच ते सणाचं, पाहुण्याचं पेय राहिलं. रोजच्या तहानेला कुणी साखर खर्च करत नसे.

करण्याची रीत सोपी वाटते, पण तिच्यात बारकावे आहेत. फळ पूर्ण पिकलेलं, गडद जांभळट लाल हवं. धुऊन, पुसून, कोरडं करून त्याच्या दोन वाट्या करायच्या. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी आलीच. बिया काढून प्रत्येक वाटीत साखर दाबून भरायची आणि वाट्या चिनी मातीच्या बरणीत थरावर थर लावत जायचं. मध्येमध्ये साखरेचा आणखी एक थर. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून ती उन्हात ठेवायची आणि रोज एकदा लाकडी चमच्याने खालवर करायचं. तांब्या-पितळेचं, लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कारण कोकमाचं आम्ल धातूला खातं आणि चवही बिघडवतं. दोन-तीन दिवसांत तळाशी लाल रस दिसू लागतो. आठवडाभरात साखर विरघळून सालं आक्रसतात. मग गाळून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून बाटल्या भरायच्या. उरलेली पाकवलेली सालं वाळवली की पोरांचा खाऊ झाला.

या सगळ्यात चूल कुठेच पेटत नाही, आणि सरबताचं इंगित तिथेच आहे. साखर सालातलं पाणी बाहेर ओढून घेते आणि त्याच्याबरोबर रंग आणि आम्लही येतं. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. आम्लात तो खुलतो, पण शिजवला की मळतो. म्हणून उन्हाची ऊबच बरी. पाक पुरेसा दाट असला तर जंतूंना जगायला मोकळं पाणी उरत नाही. फळपदार्थांच्या सरकारी नियमातही सरबताच्या पाकात विरघळलेले घनपदार्थ किमान ६५ टक्के असावेत अशी अट होती. आज्यांनी ठरवलेलं दुप्पट साखरेचं प्रमाण त्याच हिशेबाच्या जवळ जातं.

पेल्यात मात्र पाक एक भाग आणि पाणी पाच-सहा भाग. पाण्याचा विषय निघाला आणि गाव महाड असलं की २० मार्च १९२७ ही तारीख टाळता येत नाही. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावर होता. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी प्यायलं. हक्काचा अंतिम निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ उजाडलं. कुणाच्या घरचं पाणी कुणी घ्यायचं हे जिथे जात ठरवत होती, तिथे आल्यागेल्या प्रत्येकाला एकाच घागरीतून सरबत देण्याची रीत पूर्वापार असणार कशी? सर्वांच्या पंगतीतलं सरबत हेही त्याच शतकाचं देणं आहे, आणि ते फुकट मिळालेलं नाही.

पुढची मजल विद्यापीठाची. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी घरगुती प्रमाणांना शास्त्रीय बैठक दिली आणि मादी झाडावरून कलमं बांधून नर-मादीचा जुगार संपवला. 'कोकण अमृता' ही जात १९९७ मध्ये आणि 'कोकण हातीस' २००६ मध्ये आली. याच भागात आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर-पाचगणी. तिथे मॅप्रोसारखे उद्योग १९५९ पासून वाढले आणि इंग्रजांनी आणलेल्या स्ट्रॉबेरीचं सरबत देशभर गेलं. घाटाखालचा रातांबा मात्र बराच काळ बरणीतच राहिला. अलीकडे बचत गटांच्या बायकांनी कोकमाबरोबर करवंद आणि जांभूळ यांचीही सरबतं करून महामार्गावर आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मांडली आहेत. करवंदाचा चीक आणि जांभळाचा तुरटपणा सांभाळावा लागतो, पण रीत तीच, रातांब्याकडून उचललेली.

भौगोलिक मानांकन मात्र सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मिळालं आहे. रायगड त्यात नाही. झाडाला जिल्ह्याच्या सीमा कळत नाहीत, मानांकनाला कळतात. त्यामुळे महाड-पोलादपूरच्या बाटलीला नाव मिळायचं ते चवीवर आणि सचोटीवरच मिळेल. तेव्हा बाटली घेताना घटक वाचा. कोकम, साखर, मीठ, जिरं एवढंच असेल तर घ्या. वरून घातलेला रंग दिसला तर खाली ठेवा, कारण चांगल्या रातांब्याला रंग उसना घ्यावा लागत नाही. आणि परसात जागा असेल तर बी लावू नका, मादी झाडाचं कलम लावा.