जमिनीतून आलेले नाणे घासू नका

मी सहावीत असताना सिन्नरकडच्या आमच्या शेतात नांगरटीत एक तांब्याचे नाणे निघाले. काळपट हिरवे, मातीने लडबडलेले. सुट्टी संपवून मुलुंडला परतल्यावर मी ते रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले आणि सकाळी भांड्यांच्या पावडरीने घासले. नाणे लखलखले. एका बाजूस ‘श्री राजा’ एवढेच उरले. ‘शिव’ गेले, मागचे ‘छत्रपति’ही पुसट झाले. शिवराई होती, एवढेच आता सांगता येते. अक्षरांची वळणे, ठिपके, रेघा यांवरून तिचा प्रकार ठरवता आला असता. तो पुरावा मी मोरीत वाहून दिला.

असे का होते? तांबे शतकानुशतके जमिनीत राहिले की त्याच्या पृष्ठभागाचेच रूपांतर होते. धातूलगत तांबूस ऑक्साइड, त्यावर हिरवे कार्बोनेट. अक्षरांचा उठाव पुष्कळदा या थरांतच टिकून असतो, खालच्या धातूत नव्हे. आम्ल हे थर विरघळवते आणि उरतो तो खड्डे पडलेला, मुका धातू. म्हणजे आपण ज्याला मळ म्हणतो, तेच बहुधा नाणे असते.

हानी केवढी होऊ शकते, हे जोगलटेंभीच्या ठेव्यावरून उमजते. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या या गावी चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. सारी क्षत्रप नहपानाची. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवले होते: एकीकडे चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. पराभूताचे चलन वितळवलेही नाही. त्याच्या चेहऱ्यावरच जेत्याने शिक्का मारला. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे सांगतो. पण लेख आईच्या बाजूने बोलणार, हे उघडच आहे. नाणी मात्र दोन्ही राजांची साक्ष एकाच तुकड्यावर देतात. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या ठेव्याचा अभ्यास केला, तो ठशाखाली डोकावणाऱ्या ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अक्षरांच्या अवशेषांवर आणि चेहऱ्यांतील बारीक फरकांवर. कोणी ती नाणी उजळवण्यासाठी घासली असती, तर सर्वांत आधी गेली असती ती हीच खालची अक्षरे.

मग करावे काय? शक्यतो काहीच नाही. नाणे कडेने धरावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन, जागा आणि खोली टिपावी. सुटी माती मऊ कुंचल्याने झटकली तरी पुरे. अनेक नाणी एकमेकांना चिकटली असतील तर ती सोडवू नयेत. क्रमालाही अर्थ असतो, आणि मडक्याच्या खापरालाही. सातवाहनांची शिशाची नाणी तर अतिनाजूक. व्हिनेगरची वाफदेखील त्यांना खाते, आणि शुद्ध पाण्यातही ती बुडवू नयेत. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सतत झडत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. मुंबईच्या दमट हवेत तो झपाट्याने वाढतो. असे नाणे सिलिका जेलसह कोरड्या डबीत ठेवून संवर्धनतज्ज्ञाकडे न्यावे. पीव्हीसीच्या पाकिटात नाणी कधीच ठेवू नयेत.

आणि एक कायदेशीर गोष्ट, जी आमच्या घरात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. रक्कम आज हास्यास्पद वाटेल, कायदा मात्र लागू आहे. अंधेरी-घाटकोपरचा पुनर्विकास पाहता हे केवळ गावाकडच्यांसाठी नाही: ज्या साष्टी बेटावर आपली उपनगरे उभी आहेत, तेथेही कलचुरी कृष्णराजाची चांदीची नाणी मिळालेली आहेत. उद्या पायाच्या खड्ड्यातून काही निघालेच, तर आधी छायाचित्र घ्या आणि चिंच आमटीसाठी ठेवा.